वैरागडे सर आणि बंद पडलेला फराळ

वैरागडे सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी कोण आहे हे मला त्यांना पटवून देता आलं नव्हतं. आम्ही अबू धाबीत नुकतेच आलो होतो. टुरिस्ट क्लब भागातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये कंपनीने फ्लॅट दिला होता आणि समोरच्याच दारावर देवनागरीत ‘ग. ना. वैरागडे’ अशी पाटी होती. परक्या मुलखात ती पाटी बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी हातात वाटी घेऊन बेल दाबली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून चष्म्याची एक काच दिसली. मी म्हटलं, मी समोरच्या फ्लॅटमधली, पाटणकर, थोडं विरजण हवं होतं. आतून शांत आवाजात प्रश्न आला, “समोरच्या फ्लॅटमधल्या, हे कशावरून?”

मी मागे वळून माझ्याच उघड्या दाराकडे बोट दाखवलं. त्यावर ते म्हणाले की दार उघडं असणं आणि ते तुमचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग दूध कोणतं, ते किती कोमट केलंय, भांडं स्टीलचं की काचेचं, अशी चौकशी झाली आणि शेवटी साखळी निघाली. विरजण मात्र फार सुरेख होतं. घरी येऊन मी यांना सांगितलं की समोर एक विक्षिप्त म्हातारा राहतो, त्याच्यापासून जरा जपूनच राहायला हवं. सर तेव्हा म्हातारे नव्हते, जेमतेम पन्नाशीचे होते. उंच, किडकिडीत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि मान कायम एका बाजूला कललेली, समोरचा बोलतोय त्यात काहीतरी खुपतंय अशी.

सर नागपूरचे. बायको आणि मुलगी तिकडेच. मुलगी मेडिकलला होती आणि तिच्यासाठीच ते इथे एकटे राहून एका इंडियन स्कूलमध्ये इतिहास शिकवत होते. व्हिसा शाळेचा, फ्लॅट शाळेचा. स्वयंपाक स्वतः करायचे, कारण हॉटेलातलं तेल कितव्यांदा तापवलेलं आहे हे कोणी सांगत नाही. दुधाच्या बाटलीवरची तारीख ते बघायचेच, पण ती तारीख कोणी छापली असेल असाही विचार करायचे. त्यांना कोणी संशयी म्हटलं की मात्र मनापासून दुखावायचे. “मी कोणावर संशय घेत नाही हो वहिनी,” ते म्हणायचे, “मी फक्त विचारून राहिलो.”

उन्हाळ्यात तिथे एक अफवा हमखास फिरायची, की पारा पन्नासच्या वर गेला की कामं बंद ठेवावी लागतात, म्हणून रेडिओवर पन्नासच्या वरचा आकडा कधी सांगतच नाहीत. आम्ही सगळे ती अफवा अगदी श्रद्धेने एकमेकांना सांगायचो. सरांनी गॅलरीत थर्मामीटर टांगला. आम्हाला वाटलं, हा माणूस आता खरं काय ते उघडकीला आणणार. तो सगळा उन्हाळा त्यांनी रोज दुपारी पारा पाहिला आणि सप्टेंबरात जाहीर केलं की तो एकदाही सत्तेचाळीसच्या वर गेला नाही. बिल्डिंगमधल्या लोकांना हे अजिबात आवडलं नाही. लोक रेडिओवर संशय घेत होते तोवर ठीक होतं, सर त्यांच्या संशयावरच संशय घेत होते. माझ्या मते त्यांच्याविषयीची नाराजी तिथपासून सुरू झाली.

आमची मुग्धा सातवीत त्यांच्या वर्गात गेली. मी विचारलं, सर कसं शिकवतात गं? तिने मान न उचलता उत्तर दिलं, “आई, ही डझन्ट टीच. ही जस्ट डाउट्स.” पुस्तकात धडा होता, गुप्तांच्या नंतरची काही शतकं. शहरं ओस पडली, व्यापार आटला, नाणी कमी झाली, माणसं गावापुरती उरली, आणि पुढे दोन-तीनशे वर्षांनी पुन्हा बाजार भरले, बंदरं हलती झाली. पुस्तकात हे दीड पानात होतं. सरांनी त्यावर तीन आठवडे घातले. नाणी कमी सापडली म्हणजे व्यापार कमी झाला हे कशावरून? लोकांनी वितळवून दागिने केले नसतील कशावरून? शहरं हूणांनी जाळली, मग राख कुठे आहे? मुलं बिचारी घरी येऊन आईबापांना राख विचारायला लागली. परीक्षा तोंडावर आलेली आणि अकबर अजून जन्माला यायचा होता.

मी तक्रार घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि मलाच शिकवायला घेतलं. म्हणाले, उत्खननात जुन्या विटा उपसून नवं घर बांधलेलं सापडतं. ते घर बघून लोकांना वाटतं, वा, काटकसर. पण त्याचा अर्थ भट्टी बंद पडलीय. आणि भट्टी का बंद पडते? माती संपत नाही, लाकूड संपत नाही. या गावची वीट त्या गावाला न्यायला माणूस तयार होत नाही. मी म्हटलं, पण पुस्तकात तर परकी आक्रमणं दिली आहेत. ते जरा हसले. “गुन्हेगार सापडला की लोकांना इतिहास समजल्यासारखा वाटतो,” ते म्हणाले. मग उठून खिडकीपाशी गेले आणि समोरच्या समुद्राकडे हात करून सांगायला लागले, की पुन्हा बरे दिवस आले त्यात या पाण्याचाही वाटा होता, इकडची गलबतं आपल्या कोकणात लागायची, राष्ट्रकूटांच्या काळात संजाणला एक अरब माणूस कारभार बघत होता असं एका ताम्रपटात आहे. एवढं सांगून स्वतःच पुढे म्हणाले, अर्थात, ताम्रपट खोटेही करायचे.

आता फराळाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं सहा. दिवाळीत प्रत्येक घराने एकच पदार्थ करायचा, पण सहा घरांना पुरेल एवढा, आणि मग वाटून घ्यायचा, अशी पद्धत आमच्या आधीपासून होती. करंज्या माझ्याकडे आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या नाईकवहिनी मालवणच्या, त्यांचे बेसनाचे लाडू. देसाईवहिनींचा चिवडा. अनारसे आणि शंकरपाळे उरलेल्या दोन घरांत. आणि चकली वैरागडे सरांची. एकट्या पुरुषाकडे चकली कशी, असं नवीन माणसाला वाटायचं. त्याचं कारण सोपं होतं. सरांचा दुसऱ्या कोणाच्या भाजणीवर विश्वास नव्हता. तांदूळ, डाळी, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर शुक्रवारी दिवसभर भाजत बसायचे आणि मिक्सरवर दळून, चाळून डब्यात भरायचे. तो डबा ते कोणाच्या हातात देत नसत. चकली मात्र अशी व्हायची की खाताना आमची भांडणं मिटायची.

दरवर्षी धनत्रयोदशीच्या आधीच्या शुक्रवारी सगळी ताटं आमच्या हॉलमध्ये यायची. आपण काय केलं यापेक्षा दुसऱ्याचं कसं झालंय यावरच जास्त बोलणं व्हायचं, आणि त्यात मजा होती. कोणाच्या घरात तूप कसलं, तेल कसलं, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारायचे ते फक्त सर, आणि विचारून झाल्यावर सगळ्यांत जास्त तेच खायचे.

मग ते वर्ष आलं. सत्त्याण्णव असावं. नाईकवहिनी घरातून डबे द्यायच्या. मुसफ्फाच्या औद्योगिक भागात वर्कशॉपमध्ये काम करणारी कोकणातली एकटी माणसं होती, त्यांना भात, आमटी, मासे. सकाळी कंपनीची व्हॅन यायची आणि डबे घेऊन जायची. नाईकांची नोकरी डळमळीत होती, घर त्या डब्यांवर चाललं होतं. घरातून असं विकायला परवानगी नसते हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, माणसं आली. सरळ तिसऱ्या मजल्यावर गेली. गॅलरीतले जादा सिलिंडर त्यांनी पाहिले, मोठाली पातेली पाहिली, समज दिली. बिल्डिंगच्या मालकाने निरोप पाठवला की पुन्हा असं झालं तर फ्लॅट खाली करा. डबे त्या दिवशी बंद झाले.

सरळ तिसऱ्या मजल्यावर गेली, या एका गोष्टीवर आम्ही सगळे अडकलो. म्हणजे कोणीतरी सांगितलं होतं. कोणी? पहिले दोन दिवस प्रत्येकाने प्रत्येकाकडे पाहिलं. लिफ्टमध्ये बोलणं थांबलं. मी जिन्यात देसाईवहिनींना भेटले तर त्यांनी मला उगीचच सांगितलं की त्या दिवशी त्या घरी नव्हत्या. मी विचारलंही नव्हतं. त्यामुळे मला त्यांचाच संशय यायला लागला. आणि मग कोणाला तरी आठवलं की इन्स्पेक्शनच्या आदल्याच आठवड्यात वैरागडे सर नाईकांच्या दारात उभे राहून सिलिंडरच्या नळीबद्दल हुज्जत घालत होते. ही नळी नवीन आहे हे कशावरून, असं काहीतरी. शिवाय नातूरने, म्हणजे आमच्या वॉचमनने, सांगितलं की सर खाली लॉबीत एका कंदुरा, म्हणजे लांब अरबी झगा, घातलेल्या स्थानिक माणसाशी बराच वेळ बोलत होते. मग सगळ्यांना हायसं वाटलं. संशय घेणाराच सापडला म्हटल्यावर बाकीच्यांनी एकमेकांशी पुन्हा बोलायला हरकत नव्हती. निदान आम्हाला तसं वाटलं.

पण त्या वर्षी फराळ वाटून घ्यायचा विषय कोणी काढलाच नाही. सरांकडून काही घ्यायचं नाही हे ठरल्यासारखंच होतं. नाईकवहिनींकडून घ्यावं तर पुन्हा कोणी बघेल, आपल्यावर काही यायचं, अशी धाकधूक. मग देसाईवहिनींनी जाहीर केलं की यंदा त्या सगळं घरीच करणार. मी म्हटलं, आम्हीही. सर सोडून पाचही घरांत सहाही पदार्थ झाले. माझ्या चकल्यांचे तेलात तुकडे झाले, लाडू बसले, चिवडा मऊ पडला, आणि ज्या करंज्या मला डोळे मिटून जमायच्या त्या थकव्याने फुटल्या. तरी फोनवर सगळ्याजणी अभिमानाने सांगत होतो, आमचं सगळं घरच्या घरी झालं.

दिवाळीनंतर एकदा सर गॅलरीत कपडे वाळत घालताना दिसले. माझी नजर चुकवणं त्यांना जमायचं नाही, मलाच चुकवावी लागायची. त्यांनी विचारलं, करंज्या कशा झाल्या? मी म्हटलं, झाल्या बऱ्या, आम्ही यंदा सगळंच घरी केलं. त्यांनी चिमटा लावला आणि म्हणाले, “हो ना. पुस्तकात त्याला स्वयंपूर्ण गाव म्हणतात. मुलांना वाटते, फार चांगली गोष्ट आहे.”

यांना हे सगळं सहन होईना. हे फॅब्रिकेशनमधले, सरळ माणूस, त्यांना सगळं तोंडावर विचारून मोकळं व्हायचं असतं. एका शुक्रवारी ते सरांकडे गेले आणि विचारलं, सर, लोक असं म्हणतात, तुम्ही नाही म्हणा, मी सगळ्यांना सांगतो. सरांनी त्यांना बसवलं, चहा विचारला, आणि म्हणाले की मी नाही म्हटलं तर तुम्ही ते कशावरून मानणार? यांनी पुन्हा विचारलं. सर नाही म्हणालेच नाहीत. एवढंच म्हणाले की कोणी सांगितल्याशिवाय ते लोक आलेच नसते, हेसुद्धा कोणी तपासलेलं नाही. हे घरी येऊन म्हणाले, “माणूस नाही म्हणत नाही म्हणजे काय समजायचं?” मीही तेच समजले.

फेब्रुवारीत शाळेतली कॉन्ट्रॅक्ट्स रिन्यू होतात. नाईकांचा मुलगा सरांच्याच वर्गात होता. नाईक, देसाई आणि आणखी चारजण मिळून प्रिन्सिपॉलना भेटायचं ठरलं. नाईकांचं खरं दुखणं प्रिन्सिपॉलपुढे मांडता येण्यासारखं नव्हतं, म्हणून वैरागडे पोर्शन पूर्ण करत नाहीत, पुस्तकाबाहेरचं शिकवतात, मुलांच्या मनात शंका घालतात, असं सांगायचं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की सर परत नागपूरला, आणि मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. हे सगळ्यांना कळत होतं. यांनी जायला नकार दिला, पण अडवलंही नाही. शनिवारची वेळ मिळाली होती.

आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी नाईकवहिनींच्या शेजारच्या घरी बसले होते. दार उघडं होतं. वैरागडे सर जिन्याने वर आले. एका हातात भाजणीचा डबा, दुसऱ्या हातात सोऱ्या. दिवाळी होऊन तीन महिने झालेले, चकलीचा काही संबंध नव्हता. त्यांनी नाईकवहिनींची बेल वाजवली. त्या दारात आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. सरांनी डबा पुढे केला आणि सांगितलं की यंदा मी भाजणी केली होती, चकली केली नाही, एकट्यासाठी करून काय करू. तुम्ही करून द्याल का? मोहन तुमच्या अंदाजाने घाला. सर नाईकवहिनींच्या हातात डबा देऊन, सोऱ्या उंबऱ्याशी ठेवून मागे वळले.

मला एकदम राग आला. उद्या मीटिंग आहे आणि आज हा माणूस तिला फोडायला आलाय, असंच मला वाटलं. मी जिन्यात त्यांना गाठलं आणि विचारलं, सर, हे आज कशाला? तुमचा तर कोणावर विश्वास नसतो, मग ज्या बाईला तुम्ही तिच्या पोटावर पाय दिला असं वाटतंय तिच्या हातात डबा दिलात? सर दोन पायऱ्या खाली उभे होते. रागावले नाहीत. “वहिनी,” ते म्हणाले, “बंद पडलेला रस्ता पुन्हा चालू होते ना, तेव्हा तो सुरक्षित आहे याचा पुरावा कोणाकडेच नसते. पहिला माणूस माल घेऊन पोचला, हाच पुरावा. मी फार वाट पाहिली, कोणी निघून नाही राहिलं.” आणि खाली निघून गेले. मला ते शब्द पाठ करून आणल्यासारखे वाटले.

दुपारी तिसऱ्या मजल्यावर तळणीचा वास सुटला. महिनोन्महिने त्या घरातून काही वास आला नव्हता. संध्याकाळी उद्याचं ठरवायला सगळे देसाईंकडे जमले होते. नाईक होते, आम्हीही होतो. नाईकवहिनी ताट घेऊन आल्या आणि ते टीपॉयवर ठेवलं. देसाईवहिनींनी विचारलं, या कुठल्या चकल्या? त्यांनी सांगितलं, वैरागडे सरांच्या भाजणीच्या. कोणी हात लावेना. देसाईवहिनी म्हणाल्या, अहो, त्याने तुमची चहाडी केली आणि तुम्ही त्याच्या चकल्या तळता? नाईकवहिनी एरवी आमच्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करायच्या. त्या दिवशी केला नाही.

“त्येंनी केल्यानी असात, नसात, माका ठावक नाय,” त्या म्हणाल्या. “पन डबे बंद झाल्यार माझ्या दारार कोण इलो? तुमच्यातला कोण इला? दिवाळीक लाडू नको म्हणान एकेकान सांगितल्यात. माझ्या हातचा खाल्ल्यार बलदिया येतली?”

त्यांनी एक चकली उचलली, मोडली आणि खाल्ली. मग नाईकांकडे बघून म्हणाल्या की तुम्ही उद्या जायचं नाही. नाईक गेले नाहीत. ज्याचं नुकसान झालं तोच नाही म्हटल्यावर बाकीच्यांना पोर्शनची एवढी काळजी राहिली नाही. सरांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. ते किती थोडक्यात वाचलं हे त्यांना कोणी सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. चकली मात्र मी त्या संध्याकाळी खाल्ली. मोहन जरा जास्त झालं होतं.

पुढच्या दिवाळीला सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. आधी फक्त सरांनी आणि नाईकवहिनींनी देवाणघेवाण केली. मग मी करंज्या पाठवल्या. देसाईवहिनी आणखी एक वर्ष स्वयंपूर्ण राहिल्या. अनारसेवालं कुटुंब दुबईला गेलं आणि अनारसे कायमचे गेले. पण त्यांच्या जागी आलेल्या केरळच्या थॉमसच्या बायकोने एकदा ताटं बघितली आणि दुसऱ्या वर्षी अच्चप्पम घेऊन आली. तांदळाची, फुलासारखी, नारळाच्या दुधातली. देसाईवहिनींना ते पटलं नाही, फराळात हे कसं चालेल? सर म्हणाले, उतरती कळा संपते तेव्हा जुनं परत येत नाही, येते ते दुसरंच काहीतरी असते, लोकांना ओळखू येत नाही एवढंच. मग अच्चप्पममध्ये अंडं आहे का, याची त्यांनी कसून चौकशी केली. नाईकवहिनींनी पुढे एका लायसन्स असलेल्या मेसमध्ये काम धरलं. चहाडी कोणी केली होती याचा शोध कधीच लागला नाही, आणि बिल्डिंगचा सरांवरचा संशयही पुरता कधी गेला नाही. लोक त्यांची चकली खायचे आणि मागे बोलायचे. नवीन कुटुंब आलं की त्यांच्या कानावर ते घातलं जायचं. दारात त्यांच्याशी बोलताना लोक आवाज जरा खाली आणायचे.

दोन हजार एकमध्ये सर निघाले. मुलगी डॉक्टर झाली होती, आणि आता कशाला राहायचं, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना सोडायला खाली लॉबीत गेले. टॅक्सी यायची होती. सामान फार नव्हतं. आता पुन्हा भेट होईल असं वाटत नव्हतं, म्हणून मी विचारून टाकलं. सर, ते तुम्ही केलं होतं का?

ते म्हणाले, “नाही.” आणि पुढे म्हणाले, “मला नळीची भीती वाटली, मी नाईकांना सांगितली. त्या लॉबीतल्या माणसाला मुलासाठी ट्यूशन हवी होती. बस.”

मी म्हटलं, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? नोकरी जायची वेळ आली होती तुमची.

त्यांनी मान नेहमीसारखी कलती केली. “तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही सगळे पुन्हा एकमेकांकडे बघायला लागले असते. सहा घरं, लहान लहान पोरं. मी एकटा माणूस. माझ्याकडे बघून राहिले होते, तोवर ठीक होतं.”

टॅक्सी आली. त्यांनी मीटर शून्यावर आहे का ते वाकून पाहिलं आणि मग बसले.

मी वर आले आणि विचार करत राहिले. चहाडी करणारा माणूस इतक्या वर्षांत असं एक छानसं उत्तर तयार करून ठेवणार नाही का? मला त्यांनी स्वतःच शिकवलेलं होतं, ते त्यांच्यावरच वापरलं नाही तर काय उपयोग. यांना सांगितलं तर हे म्हणाले, खरं असेल. मी म्हटलं, असेल.

आम्ही पुढे दुबईला, अल बर्शाला आलो. मुग्धा कॉलेजात होती, समोर मॉलचं बांधकाम चाललं होतं, बिल्डिंग नवी आणि शेजारही नवा. तिथेही मराठी घरं निघाली, गणपती एका घरी बसायला लागला. दुसऱ्याच वर्षी कोणीतरी मॅनेजमेंटकडे आरतीच्या आवाजाची तक्रार केली. झांजा बंद करा, असा निरोप आला. विसर्जनाच्या दुपारी प्रसादाला बसलो असताना तोच विषय निघाला. कोणी केलं असेल? बायका हळूहळू एकमेकींची तोंडं न्याहाळायला लागल्या. एक तरुण मुलगी, पहिल्यांदाच देश सोडून आलेली, भांबावून प्रत्येकीकडे बघत होती, कारण आदल्या दिवशी तिचं बाळ आवाजाने रडल्याचं तिने सगळ्यांदेखत सांगितलं होतं. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर जाऊन थांबणार होत्या. मी म्हटलं की आवाज फार होतोय, असं मीसुद्धा नातूरला बोलले होते. ते खरं नव्हतं.

मग कोणीतरी मोदकांचं ताट उचललं आणि माझ्यासमोरून न थांबता पुढे नेलं. पुढचे काही महिने माझ्याशी बोलताना त्या बायका जरा आवाज खाली आणायच्या. ती मुलगी मात्र हळूहळू त्यांच्यात रुळली. खोटा आळ अंगावर घेणं मला वाटलं होतं तितकं सोपं गेलं नाही. रोज लिफ्टमध्ये शिरायच्या आधी मी आत कोण आहे ते बघायचे, आणि वैरागडे सरांनी ते किती वर्षं सहन केलं असेल याचा मी हिशेब करत बसायचे. एकदा न राहवून नागपूरला फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला. मी म्हटलं, सरांना द्या. सर जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.